तालमीमागचं परडं : आमच्या तालीम मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, वस्ताद आणि सगळे कार्यकर्ते,
आपल्या पेठेतली तालीम, कोल्हापूर.

पोरांनो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप. एरवी मी गच्चीवरनं हाक मारली की कट्ट्यावरचे चौघं वर बघतात, ‘व्हय काकी, बघू’ म्हणतात आणि गाडीला किक मारून निघून जातात. कागदाला किक मारता येत नाही, म्हणून लिहितेय. आणि सगळ्या पेठेनं वाचावं म्हणून उघडं लिहितेय.

परवा ऐकलं की तालमीमागच्या परड्यात पेव्हिंग ब्लॉक घालायचं ठरतंय. एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्या कोपऱ्यात पेठेचं नाव आणि लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट, उरलेल्या जागेत गाड्या. येत्या रविवारच्या बैठकीत ठराव येणार म्हणे. तालमीच्या पाठीला ओपन जिम! गुऱ्हाळाच्या दारात साखरेचं दुकान टाकल्यासारखं झालं हे.

माझं मागणं एवढंच आहे. ब्लॉक घालू नका. ते चार गुंठे पाच वर्षांसाठी पेठेच्या भाजीच्या बागेला द्या, आणि ती बाग तालमीनं चालवा. जागा देऊन बाजूला झालात तर मला ती नको. का नको, ते पुढं सांगते.

मी काही कुस्तीतली जाणकार नाही. पण तुमच्यातल्या निम्म्यांचे लंगोट माझ्या मशीनवर शिवलेत, आणि अडतीस वर्षं माझी खिडकी तुमच्या कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या झरोक्यासमोर आहे. पहाटे पाचला खोऱ्याचा आवाज आला की माझा दिवस सुरू होतो. तेव्हा मातीबद्दल तुमच्याशी बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

२०२० आठवा. मार्चात सगळ्या तालमींना कुलपं लागली. कित्येक महिन्यांनी आपलं दार उघडलं तेव्हा हौद्याची माती बैलगाडीच्या चाकोरीसारखी टणक झालेली, वर भेगा, कडेला घुशीचं बीळ. पोरं लांग बांधून तयार होती, पण वस्तादांनी एकालाही आत उतरू दिलं नाही. म्हणाले, आधी माती. मग आठ-दहा दिवस नुसती उकरणी चालली. ढेकळं फोडली, चाळली, खडे वेचले. मग ताक आलं, तेल आलं, हळद आली, कापूर आला, पोतंभर लिंबं आली. लिंबं चिरायला माझी विळी नेली होती, त्याबद्दल शेवटी बोलू. दहाव्या दिवशी सकाळी खिडकीतनं जो वास आला ना, तो मला अजून आठवतो. वस्तादांनी मूठभर माती उचलून दाबली, सोडली, ती भुसभुशीत पडली, तेव्हा कुठं पहिली जोड लागली.

मी तेव्हा खिडकीत उभी राहून म्हणलं, ही पोरं शेतकरी आहेत, फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही.

भाजीच्या वाफ्याचं याहून काय वेगळं असतं? रोज हात लागला तर माती जिवंत, चार महिने पाठ फिरवली तर दगड. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं, आणि त्याच काळात राधानगरीच्या धरणाचंही काम हाती घेतलं. मैदानाची माती आणि शेताचं पाणी एकाच माणसानं बघितलं. माझं माहेर भोगावतीकाठचं, त्या धरणाच्या पाण्यावर आमची तीन पिढ्यांची भाकरी पिकली. म्हणून मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

आता, तुम्ही चालवल्याशिवाय जागा नको असं का म्हणते ते. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही पाचजणींनी एक बाग करून बघितली आहे. मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट होता, मालक बाहेरगावी, त्यांनी फोनवर ‘करा की’ म्हणून सांगितलं. आम्ही गाजरगवत उपटलं, मेथी टाकली, दुधीचा वेल कुंपणावर सोडला. पहिले तीन महिने कौतुकाचे गेले. मग एप्रिल आला. एकीची नात आजारी, दुसरी गावाकडं जत्रेला, तिसरीच्या घरी पाहुणे, आणि शेजारच्या ज्या नळावरनं आम्ही पाणी घ्यायचो तिथल्या बाईंनी एक दिवस पाइप काढून ठेवली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्याच घरात पाणी एक दिवसाआड येत होतं. उरलेल्या दोघींनी बादल्या वाहिल्या. कंबर गेली.

पण बाग मोडली ती पाण्यानं नाही, दुधीनं. एक चांगला हातभर दुधी आम्ही सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून वाढवलेला, वाटणी कशी करायची यावर दोन दिवस चर्चा चाललेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वेलावर नुसता देठ. कुणी नेला ते आजतागायत कळलं नाही. पण त्या देठावरून पाच घरांत जी धुसफूस झाली, ती पुढं दोन दिवाळ्या पुरली. आणि हे सगळं निवळायच्या आत मालकानं प्लॉट विकला. तोंडी परवानगी होती, तोंडीच गेली.

त्यातनं मी शिकले ते असं. कागद हवा. पाण्याची सोय जागेतच हवी. आणि एप्रिल-मेमध्ये न चुकता येणारी माणसं हवीत. पेठेत असे लोक कोण? आजी-आजोबांची मंडळं आहेत, बचत गट आहेत, पर्यावरण दिनाला रोप हातात धरून फोटो काढणारे तर पुष्कळ आहेत. पण वर्षाचे बाराही महिने, पावसात, थंडीत, परीक्षा असो की लग्न असो, पहाटे पाचला एका जागी हजर होणारी माणसं मी एकाच ठिकाणी बघितली आहेत. तुमच्या तालमीत. वस्तादांच्या धाकानं का असेना.

जागेची म्हणाल तर मी गेलं वर्षभर गच्चीवरनं तिच्यावर नजर ठेवून आहे. तालमीची इमारत परड्याच्या दक्षिणेला येते. त्यामुळं डिसेंबरात दुपारीसुद्धा भिंतीपासून वीस फुटांपर्यंत सावली पडते, आणि मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की सावली जवळजवळ नाहीशी. म्हणजे भिंतीलगतचा पट्टा फळभाजीला उपयोगाचा नाही. तिथं आळू, आलं, हळद, पुदिना लावायचा, यांना सावलीचं वावडं नाही. त्याच्या पलीकडं सहा-सात तास ऊन मिळतं, ते दोडका, वांगी, मिरची, घेवड्याला पुरतं.

माती मात्र वाईट आहे, हे आधीच सांगते. मागच्या महिन्यात मी तुम्हाला न विचारता मागच्या बाजूला हातभर खड्डा काढला. (दोघांनी बघितलं, पण काकी काय करतेय हे विचारायचं धाडस झालं नाही.) आत निघालं ते असं : कौलांचे तुकडे, चुन्याचे ढपले, ट्यूबलाइटची काच, कधीच्या तरी देखाव्यातला प्लास्टरचा सिंहाचा पंजा आणि गुटख्याच्या पुड्या. कुठल्या तरी बांधकामाचा राडारोडा आणून भराव टाकलेला आहे. यात सरळ पालेभाजी लावून पोरांना खाऊ घालायची माझी हिंमत नाही. म्हणून आधी माती तपासून घ्यायची. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे काढायचे, कडेची माती खरवडून सगळी एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की ती तपासणीला द्यायची. कृषी महाविद्यालय आपल्याच गावात आहे, काय बघायचं, कुठं द्यायचं, ते तिथं विचारता येईल. त्यांच्यापासून भरावाची गोष्ट लपवू नका, म्हणजे ते नुसतं नत्र-स्फुरद न बघता शिसं वगैरे बघायला सांगतील.

निकाल काही येवो, वाफे जमिनीच्या वरच करायचे. गादीवाफे, फूटभर उंच, रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नाही. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यावर पाय पडता कामा नये. आपल्याकडं जुलैत जो पाऊस लागून राहतो त्यात सपाट वाफ्यातली मेथी कुजून जाते, गादीवाफ्यातनं पाणी निथळतं. वर घालायची माती विकत घ्यावी लागेल, तिथं मात्र काटकसर करू नका.

आता पाणी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बागेचं मरण नेहमी इथंच लिहिलेलं असतं.

मी शिंपीण आहे, टेप माझ्या गळ्यातच असतो. तालमीचा पत्रा मी तुमच्या फुटबॉल संघातल्या त्या धाकट्या गोलकीपरला वर चढवून मोजून घेतला. पन्नास फूट बाय बावीस फूट, म्हणजे ११०० चौरस फूट, मीटरात सांगायचं तर शंभरच्या आसपास. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. गगनबावड्यात कोसळतो तेवढा पाऊस शहरात नाही, पण वर्षाला १००० मिलिमीटर धरायला हरकत नाही. म्हणजे त्या एका पत्र्यावरनं वर्षाला लाखभर लिटर पाणी पन्हळीतनं गटारात जातं. सांडलवंड सोडून ऐंशी हजार धरा.

लागतं किती? चार गुंठ्यांतली रस्ते, खतखड्डे, कुंपण सोडून वाफ्यांखाली निम्मी जागा, दोनशे चौरस मीटर. भर उन्हाळ्यात चौरस मीटरला चार-पाच लिटर, म्हणजे दिवसाला आठशे ते हजार. हिशेब छान जुळतो, ऐंशी हजार लिटर ऐंशी ते शंभर दिवस पुरेल. फक्त एकच गोम आहे. पाणी येतं आषाढात आणि लागतं वैशाखात, आणि ऐंशी हजार लिटरची टाकी बांधायला गेलो तर बागेला जागाच उरत नाही.

म्हणून परड्यातला आड. तो आहे हे तुमच्यातल्या कित्येकांना माहीतसुद्धा नसेल. ज्या स्लॅबवर तुम्ही ढोल-ताशे ठेवता त्याच्या खाली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्याच्यावर रहाट होता. नळ आले, आडात कचरा पडायला लागला, एकदा मांजर पडलं, मग झाकला. तो उघडून गाळ काढायचा, वर जाळी बसवायची, आणि पत्र्याचं पाणी आधी खडी, वाळू, कोळशाच्या टाकीतनं गाळून त्यात सोडायचं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेरच, त्यात पत्र्यावरची सगळी कबुतरं धुऊन येतात. एवढं करून आडाला मे महिन्यात पाणी राहीलच, असा शब्द मी देत नाही. जमिनीत मुरलेलं पाणी आपल्याच आडात थांबायला ते काही आपलं नोकर नाही. पण शेजारपाजारच्या बोअरला तरी त्याचा उपयोग होईल.

मग उन्हाळ्याला दुसरी तजवीज. व्यायाम झाल्यावर तुम्ही पंधरा-वीस जण मागच्या नळावर अंघोळी करता, ते पाणी कुठं जातं? जुन्या घरांत नहाणीचं पाणी कुठं जायचं ते आठवा. परड्यातल्या केळीला आणि आळवाला. तेच करायचं. आधी कर्दळीच्या चरातनं सोडायचं, मग केळी आणि पपईच्या आळ्यात. कच्च्या खायच्या भाजीला मात्र साबणाचं पाणी नाही, कोथिंबिरीला तर बिलकूल नाही. तिसरी तजवीज म्हणजे हाव धरायची नाही. मार्चनंतर तिसरा हिस्साच वाफे चालू ठेवायचे, बाकीचे उसाच्या पाचटाखाली झाकून निजवायचे. पाचट तर आपल्या जिल्ह्यात पेटवून देतात! एका ट्रॉलीला शब्द टाकला तर माझा भाचाच आणून टाकेल. वीतभर पाचट अंथरलं की खालची माती दुपारीसुद्धा हाताला गार लागते.

पिंपांत पाणी साठवाल तर त्यांना फडकं बांधा. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, आणि बागेमुळं पेठेत ताप आला असं एकदा बोललं गेलं की बाग संपली.

गावाकडं पाण्याची पाळी असते. पाळी चुकली की भाऊ भावाला ओळखत नाही, म्हणून पाटकरी नेमलेला असतो. आपल्यालाही एक पाटकरी लागेल. पेठेतलाच कुणीतरी, रोज दोन तास, आणि त्याला पगार द्यायचा. फुकटात होईल या भ्रमात राहू नका. पगाराचे पैसे कुठनं आणायचे, हे मी तुमच्याच तोंडून ऐकणार आहे, पण मिरवणुकीतली एका रात्रीची सिस्टीम केवढ्याला पडते हे मला माहीत आहे. माझ्या खिडकीच्या काचांनाही माहीत आहे.

खताची काळजी करू नका, खत आपल्याकडं पडून आहे. माझ्या घरात पाच माणसं, मी आठवडाभर वजन केलं, दिवसाला किलो-सव्वा किलो ओला कचरा निघतो. त्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पालापाचोळा घातला की वास येत नाही. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, वखारीतला भुसा टाकायचा आणि खालवर करायचं. विटांचे, मधे फटी सोडलेले तीन कप्पे करायचे. एक भरायचा, एक मुरायचा, एक काढायचा. दोन-तीन महिन्यांत खत तयार. शिजलेलं अन्न नको, आणि रविवारची तांबड्या-पांढऱ्याची हाडं तर अजिबात नकोत. एका हाडाला चार कुत्री आणि दोन घुशी येतात.

शेणाला पेठेत तोटा नाही. गंगावेशीत आजही समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, त्या म्हशी शेणही देतातच. आणि निर्माल्य. मारुतीला शनिवारी पडणाऱ्या रुईच्या माळा, गणपतीतले झेंडूचे ढीग. यंदा विसर्जनानंतर मंडपामागं तीन पोती भरून ठेवलेली मी बघितली. ते सगळं कप्प्यात जाऊ शकतं, पण हारातला दोरा, जर, थर्माकोलचे मणी काढून. दोरा लवकर कुजत नाही, खोऱ्याला गुंडाळतो. हे काम शाळकरी पोरांना द्या, ती आनंदानं करतील.

गुळाचं कोल्हापूर आपण म्हणतो, तर वाफ्यालाही गूळ चारा. श्रीपाद दाभोळकरांचं नाव तुमच्या आजोबांना विचारा. इथंच राहून त्यांनी प्रयोग परिवार चालवला. साध्या शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि आपलं शहाणपण दुसऱ्याला मोकळेपणानं सांगावं, अशी ती रीत. त्या वाटेनं पुढं गेलेल्या लोकांचं अमृतजल आहे : दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. त्यात सुका पाला भिजवून कप्प्यात घातला की लवकर मुरतो. तालमीत थंडाई घोटणाऱ्याला हे अवघड नाही.

लावायचं काय यावर बायकांना बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका. एवढंच सांगते, सुरुवात मेथीनं. महिन्याभरात हाताशी येते, आणि पहिली जुडी लवकर दिसली की माणसं टिकतात. दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या पेरूच्या भरवशावर कुणी दुसऱ्या आठवड्यात खोरं उचलत नाही. दसऱ्यानंतर मेथीबरोबर शेपू, पोकळा, चाकवत, मुळा. मृगाला वेल. कीड पडली तर निंबोळीचा अर्क, मावा दिसला की आधी पाण्याचा फवारा. आणि कुंपणाला शेवगा, कडीपत्ता, गवती चहा लावून पाटी लावायची, ‘कुणीही तोडा’. दुधीनं शिकवलेलं हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात घालायला काहीतरी मोकळं ठेवलं की आतलं बरंचसं वाचतं. आतल्याची वाटणी कामाच्या दिवसांवर. ज्याच्या वहीत दिवस, त्याच्या पिशवीत भाजी. वही मी ठेवते, मला कुणी फसवत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. तालमीत बायका येत नाहीत. अडतीस वर्षांत मी एकदाही उंबरा ओलांडलेला नाही, विळीसुद्धा दारातनं दिली. आता जिल्ह्यातल्या पोरी कुस्तीत पदकं आणतात, ती रीत कधी बदलायची ते तुमचं तुम्ही बघा, माझं मत तुम्हाला ठाऊक आहेच. पण बागेसाठी तोवर थांबायला नको. परड्याच्या उत्तरेच्या भिंतीला बोळ लागतो. तिथं तीन फुटांचं दार पाडा. बायका बोळातनं येतील, बोळातनं जातील. आणि त्या दाराच्या किल्ल्या तीन करा : एक पाटकऱ्याकडं, एक वस्तादांकडं, एक बायकांतल्या कुणाकडं तरी. किल्ली एकाच खिशात राहिली की बाग त्याच खिशात जाते.

तुम्ही काय म्हणणार तेही मला माहीत आहे. गाड्या कुठं लावायच्या? जिथं आज लावता तिथंच, माझ्या दारात, मी कधी काही बोलले का? (बोलले, पण तुम्ही ऐकलं का?) मंडपाचे पाइप कुठं ठेवायचे? भिंतीलगतच्या सावलीतला दहा फुटांचा पट्टा तुमचा, आळू-हळद त्याच्या पुढं सरकवू.

आणि पूर. हा प्रश्न खरा आहे. २०१९ ला पंचगंगेचं पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं, २०२१ ला पुन्हा तीच धाकधूक. पुढच्या खेपेला ते परड्यात शिरणार नाही असं कोण सांगणार? शिरलं तर त्यातली भाजी टाकून द्यायची, कारण ते नुसतं नदीचं पाणी नसतं, गावाची गटारं त्यात मिसळलेली असतात. वाफे मोकळे ठेवायचे, ऊन द्यायचं, आड उपसायचा, पुन्हा सुरू. हौद्यात पाणी शिरलं असतं तर वस्तादांनी काय केलं असतं? पण २०१९ च्या त्या ऑगस्टातली दुसरी गोष्टही आठवा. हायवे बंद, भाजीची गाडी नाही, आणि उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं नळ कोरडे. चार गुंठ्यांनी पेठेचं पोट भरलं नसतं, एवढी मी भोळी नाही. पण उघडा आड असता तर निदान भांडी-संडासाला टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं नसतं.

तर रविवारी ठराव करायचा असेल तर असा करा. आधी सिटी सर्व्हेतनं प्रॉपर्टी कार्ड काढून जागा नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा. मग पाच वर्षांसाठी बाग, हे प्रोसिडिंग बुकात लिहा, सह्या करा. बागेच्या समितीत निम्म्या बायका. उद्घाटन नको, कोनशिला नको, पाहुणा नको. पहिल्या दिवशी फक्त स्लॅब उचलायची आणि आडात दोर सोडून बघायचं की खाली काय आहे. त्या दिवशीचा चहा माझ्याकडं, गवती चहा घालून, तीस कप.

बैठकीला मी येऊ शकत नाही, ते वर लिहिलंच आहे. पण खिडकी उघडी ठेवते. झरोक्यातनं सगळं ऐकू येतं, हे तुम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तुमची,
समोरच्या घरातली शिंपीण काकी

ता. क. : २०२० साली लिंबं चिरायला नेलेली विळी अजून तालमीतच आहे. मारुतीमागच्या कोनाड्यात असेल. येताना घेऊन या, मेथी निवडायला लागेल.